फलकावरची सोनेरी ओळ

विद्यापीठ लहान, त्याचं फुटबॉल स्टेडियम त्याहून लहान. पण पायऱ्यांमागचा फलक मात्र भिंतभर. पंचेचाळीस वर्षांचा इतिहास त्यावर होता, म्हणजे पराभवांची यादीच. एकच ओळ सोनेरी होती: अजिंक्यपद, आणि गोल करणाऱ्याचं नाव. दरवर्षी स्पर्धेआधी ते नाव मैदानाचा माळी नव्याने रंगवायचा. गोल त्यानेच केला होता. नाव दुसऱ्याचं होतं.

त्या अंतिम सामन्याच्या सकाळी एक खेळाडू तापाने फणफणला. प्रशिक्षकाने त्याची जर्सी आणि ओळखपत्र चुन्याच्या रेषा मारणाऱ्या एकोणीस वर्षांच्या माळ्याला दिलं. शेवटच्या मिनिटाला माळ्याने डोक्याने गोल मारला. तापातून उठलेल्याला मात्र लोक जन्मभर 'गोलवाला' म्हणत राहिले. पुढे तो माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्षही झाला.

माळ्याच्या निवृत्तीला महिना उरला असताना क्रीडासंचालक स्टेडियमचा इतिहास लिहायला बसले. त्या पुस्तकात तरी आपलं नाव यावं, एवढंच माळ्याला हवं होतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडताय?" बायको म्हणाली.

"मेल्यावर उघडू का मग?"

त्याने ट्रंकेतला फोटो काढला. जर्सी गोलवाल्याची, तोंड याचं. संचालकांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, सगळं लिहून घेतलं आणि खाली सही घेतली. "काका, इतिहासात खरं तेच गेलं पाहिजे," ते म्हणाले. माळी घरी तरंगतच आला आणि त्याने प्रकाशनासाठी चांगला सदरा इस्त्रीला टाकला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संचालकांचं आणि गोलवाल्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य, हे आख्ख्या विद्यापीठाला ठाऊक होतं. एका माळ्यालाच त्या वेळी आठवलं नाही. संचालकांनी तो सहीचा कागद स्पर्धेच्या मंडळाकडे धाडला. पंधरा दिवसांत उत्तर आलं: विद्यार्थी नसलेला खेळाडू खेळवला, सबब अजिंक्यपद रद्द. त्या संघातले म्हातारे मैदानावर आले. दरवर्षी माळ्याला मिठी मारणारा गोलरक्षक त्याने नुकत्याच मारलेल्या रेषेवर थुंकला.

"ती ओळ पुसून टाका," संचालक म्हणाले.

"मीच?"

"दुसऱ्या कुणाचा हात तिथे इतका बसलाय?"

"आणि पुस्तकात माझं नाव?"

"गोलच नाही, तर नाव कशापुढे लिहू?"

माळी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढला. खाली गोलवाला येऊन उभा राहिला. तो शिव्या देईल असं माळ्याला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अरे, माझं नाव होतं तोवर तुझा गोल तरी होता," गोलवाला म्हणाला.

आधी माळ्याने नाव पुसलं, मग गोल. शेवटच्या अक्षरासाठी तो वाकला तशी शिडी हलायला लागली, आणि गोलवाल्याने ती खालून धरून ठेवली.