शक्यतो

एके दुपारी अण्णांनी अर्धा खाल्लेला डबा बाजूला सारून लेकीचा कागद आधी वाचला. रंगाच्या कारखान्यात ते तीस वर्षं टाक्या धूत होते. लेक तिथेच वरच्या मजल्यावर बसून कारखान्याचे नियम लिहायची. कागदावर होतं : ‘टाकीत माणूस उतरल्यावर तोंडाशी दुसरा माणूस शक्यतो उभा असावा.’

‘शक्यतो’वर त्यांनी खरकटं बोट टेकवलं. “हे काय गं? आई तुला ‘शक्यतो जेव’ म्हणते का कधी?”

तिला हसू आलं. दुसरा माणूस हवाच हा कायदा दहा फुटांच्या पुढे, आपल्या टाक्या नऊ फुटांच्या. तेव्हा हा नियम म्हणजे कारखान्याचा चांगुलपणाच, असं तिने समजावलं. पहिल्या मसुद्यात तो शब्द नव्हता आणि साहेबांनी सांगताच तिने मुकाट्याने घातला, हे मात्र पोटातच ठेवलं.

“टाकीतल्या विषारी वाफेला फूटपट्टी कळत नाही, बाई,” म्हणत अण्णांनी डबा पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या तोंडाशी कोणी नव्हतं. जोडीदाराला माल चढवायला पाठवलं होतं. अण्णांना वर काढलं तेव्हा हिरवा रंग त्यांच्या नखांत, कानांत, दातांतसुद्धा होता. तिने घासून घासून धुतला. तरी गेला नाही.

तेराव्या दिवशी साहेबांनी मायलेकींना बोलावलं. ते संत्रं सोलत होते. तपासणी अधिकाऱ्यांना कायद्याचा भंग कुठेही आढळला नाही, हे सांगताना त्यांनी बी जिभेवरून चिमटीत घेऊन बशीत ठेवली. मग लेकीकडे वळून हळूच म्हणाले, “तुझा तो एक शब्द देवासारखा धावून आला बघ.” आणि एक फोड पुढे केली.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. फोडीची नाही, तिला स्वतःच्या बोटांचीच किळस आली.

साहेबांनी आईला नियम वाचून दाखवला. मग ‘आमची काही तक्रार नाही’ असा कागद पुढे करून सही इथे करा म्हणाले. आईने पेन धरलं आणि थांबली.

“शक्यतो म्हणजे?”

“तूच सांग त्यांना,” साहेब म्हणाले. “तुझं शिक्षण आहे.”

“शक्यतो म्हणजे कोणी नसलं तरी चालेल, आई,” ती म्हणाली. “तो शब्द मी घातला. आणि घालताना मला कळत होतं.”