रिकामा टब

ईस्टर आला की आमच्या डोंगरांतली लाकडी घरं उघडतात, शेगडीवर संत्र्यांच्या साली वाळतात आणि संध्याकाळी घराघरांत टीव्हीवर खून पडतो.

दर ईस्टरला लागणारी ही खुनाची मालिका यंदा सुन्निवाने लिहिली होती. तिचे वडील अर्नफिन निवृत्त पोलीस तपासनीस. मालिकेतला तपासनीसही त्यांच्याच चालीचा, त्यांच्याच अबोलपणाचा. आज पडद्यावर काय येणार, ते तिला बाबांना आधी सांगायचं होतं. बर्फावर चालताना सांगू, मनाशी म्हणाली. संत्रं सोलताना सांगू, म्हणाली. शब्द ओठांशी यायचा आणि विरून जायचा. तेवढ्यात शेजारचा गुडब्रांड कॉफी घेऊन आलाच.

"पुढे सरक रे, अर्नफिन! लेकीचं नाव झळकणार, आणि तू कोपऱ्यात?"

पडद्यावर हरवलेली मुलगी तळ्यातल्या बर्फाखाली सापडली. तपासनीस घरी आला, न्हाणीला कडी लावली आणि ओल्या कोटासकट, बुटांसकट रिकाम्या टबात बसला. पाणी नाही, रडू नाही. नुसता बसला.

गुडब्रांडला हसू आवरेना. "अगं सुन्निवा, हे कुठलं खूळ? कोरड्या टबात कोण बसतं, बूट घालून?"

"असंच... सुचलं," सुन्निवा म्हणाली. तिचे कान तापले.

"लिहिणाऱ्यांना सुचतं असलं काहीबाही," अर्नफिन म्हणाले आणि गुडब्रांडच्या कपात कॉफी ओतू लागले. बरीचशी टेबलावर सांडली.

गुडब्रांड गेल्यावर ते फडक्याने टेबल पुसत राहिले. कोरडं झालं तरी पुसत राहिले.

"कडी लावायचो मी."

"दाराला फट होती, बाबा."

"मला वाटायचं, तू झोपलेली असतेस."

चोरी तिची होती आणि मान त्यांची खाली गेली होती. सुन्निवाला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हाला विचारायला हवं होतं मी."

"हो. हवं होतं." फडकं त्यांनी घडी घालून ठेवलं. "उद्या काय आहे? गुडब्रांड यायच्या आधी सांग, म्हणजे झालं."

आता मात्र तिने सांगितलं. उद्या त्याची बायको घर सोडते. तो अडवत नाही. तिच्या बॅगा स्वतः उचलतो, गाडीत ठेवतो, काचेवरचा बर्फ खरवडून देतो.

अर्नफिननी शेगडीत एक लाकूड सरकवलं.

"बॅगा मी उचलल्या नव्हत्या, पोरी. तुझी आई दोन खेपा करून गेली. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नव्हतो."

सुन्निवाला मान वर करवेना. उद्या सगळ्या खोऱ्याला पडद्यावरचा तो माणूस आवडणार होता, आणि बाबांना गुडब्रांडशेजारी बसून ते बघावं लागणार होतं.