वरच्या रकान्यातलं नाव

घरातून निघाल्यापासून किल्लीवाल्याची बायको एकच वाक्य मनात घोळवत होती: "आमची नावं वेगळी करा." बसमध्ये घोळवलं, जिना चढताना घोळवलं, आणि करखात्याच्या मदतकेंद्रात त्रेसष्ट नंबरचं टोकन घेऊन बाकावर टेकली, तेव्हा ते वाक्य अगदी ओठांशी येऊन थांबलं होतं. शेजारी नवरा. त्याच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत घरातले होते नव्हते तेवढे सगळे कागद. त्याला तिनं यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता ना.

आता झालं होतं ते असं. लग्न करून ती सीमेपलीकडून या देशात आली, त्याला अठरा वर्षं होऊन गेली. नवरा इथला, दोन्ही मुलं इथली, ती मात्र कागदोपत्री अजून परकीच. कर भरण्यापुरता एक तात्पुरता क्रमांक तिला दिलेला होता. नागरिकाचा क्रमांक नव्हता. नवराबायकोनं सलग वीस वर्षं जोडीनं रिटर्न भरलं, की तिला कायमचा कागद मिळायचा होता. अठरा भरून झाली होती, दोन उरली होती. मध्ये एक वर्ष जरी तुटलं, तरी मोजणी पुन्हा एकपासून.

तीन वर्षांपूर्वी सरकारनं संसारी माणसांसाठी सवलत काढली. भरलेल्या करातला काही भाग परत, मुलांमागे आणखी थोडा, आणि तो थेट बँकेत. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना मिळाली. यांच्याकडे मात्र दरवर्षी पत्र यायचं: नागरिक क्रमांक नसल्यानं सवलत नामंजूर. किल्लीवाला ते वाचायचा, घडी घालायचा, डब्यात टाकायचा आणि म्हणायचा, "जाऊ दे. आपलं काही अडलंय का त्यावाचून?"

नवऱ्याची मोठी बहीण, म्हणजे तिच्या वन्सं, तशा मनानं वाईट नव्हत्या. जिभेला तेवढं हाड नव्हतं. परवा चहा गाळता गाळता म्हणाल्या, "तुला लागावं म्हणून नाही हं म्हणत, पण तुझ्यापायी पोरांचं नुकसान होतंय, हे खरं."

लागलं. कसं नाही लागणार? त्याच आठवड्यात थोरलीला दातांच्या कवळ्या बनवायच्या शिक्षणक्रमात जागा मिळाली होती. पहिल्या हप्त्याची मुदत महिनाअखेर. पोरगी हसून म्हणाली, "पुढच्या वर्षी जाईन गं आई. लोकांचे दात काय, पडायचे थांबताहेत होय?" आणि भांडी घासायला गेली. भांडी चार, पण नळ मात्र बराच वेळ वाहत राहिला.

ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात इस्त्री करायची. तिथल्या एकीनं सांगितलं, की रिटर्न वेगळं भरलं तर नवऱ्याला आणि मुलांना सवलत मिळते. परक्या बायकोचं नाव कागदावरून गेलं, की झालं. तिनं हातातली चादर पूर्ण केली, दुसरी घेतली, आणि त्या दोन चादरींच्या मध्येच ठरवून टाकलं. अठरा वर्षं पाण्यात गेली तर जाऊ देत. पोरीचं वर्ष जाता कामा नये.

"त्रेसष्ट!"

खिडकीत निवृत्तीला टेकलेल्या एक बाई होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात, टेबलावर पाण्याची बाटली, आणि चेहऱ्यावर सकाळपासून साठ-बासष्ट माणसं ऐकल्याचा थकवा.

"बोला."

"आमची नावं वेगळी करा," ती एका दमात म्हणाली.

किल्लीवाल्याच्या हातातली पिशवी सुटता सुटता राहिली. "काय? अगं, काय बोलतेस?"

"घटस्फोट समोरच्या इमारतीत," बाई मान वर न करता म्हणाल्या. "दुसरा मजला."

"घटस्फोट नको हो! नवरा चांगला आहे. फक्त कागदावर वेगळं करा."

"नवरा चांगला आहे, तर कागदानं तुमचं काय घोडं मारलंय?"

मग तिनं सगळं सांगितलं. सवलत, तीन पत्रं, थोरलीचा हप्ता, धुलाईघरातलीचा सल्ला. बोलताना नवऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. तो मात्र तिच्याकडेच बघत होता, आणि त्याचा आवाज आला तो कुलपात किल्ली अडकावी तसा.

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असता?"

"नसतो म्हणालो."

"म्हणून तर नाही विचारलं."

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. किल्लीवाला खिडकीवर वाकला. "बाई, हिचं काही एक ऐकू नका. हिची दोनच वर्षं राहिलीत. आम्हाला सवलत नको, काही नको. चल गं."

"मी नाही येत. बाई, तुम्ही लिहा."

"लिहू नका, बाई."

"दोघंही गप्प बसा!" बाईंनी चष्मा चढवला. "भांडायचं असेल तर घरी चहा घेऊन भांडा. नामंजुरीचं पत्र आणलंय? द्या इकडे."

बाईंची वाचायची एक रीत होती. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवायचं, आणि ओळ संपल्याखेरीज बोट खाली न्यायचं नाही. पत्र लहानसं होतं, तरी बोट चौथ्या ओळीवर थांबलं ते थांबलंच.

"हे कोणी वाचलं होतं घरी?"

"मी," किल्लीवाला म्हणाला. "नागरिक क्रमांक नाही असं लिहिलंय. हिच्याकडे नाही, ते आम्हाला ठाऊकच आहे."

"हिच्याकडे असं कुठे लिहिलंय? 'मुख्य करदात्याकडे नागरिक क्रमांक नाही' असं लिहिलंय. मुख्य करदाता नागरिक असला की झालं. मग जोडीदार कुठला का असेना, सवलत मिळते. जोडीनं भरलं तरी मिळते. धुलाईघरात तुम्हाला जिनं सांगितलं, तिला म्हणावं, बाई, तू इस्त्रीच कर." बाईंनी वर पाहिलं. "तुम्ही नागरिक आहात ना?"

"जन्मापासून."

"जास्त कमावता तुम्ही, दुकान तुमचं. मग मुख्य करदाता कोण लावलाय?"

किल्लीवाल्याचे कान लाल होत गेले. शहरातली निम्मी कुलपं उघडणारा माणूस, आणि स्वतःचं तोंड काही त्याला उघडता येईना.

बाईंनी कळफलकावर दोन बोटं आपटली आणि पडदा दोघांच्या दिशेनं वळवला. "हे बघा, गेल्या वर्षीचं तुमचं रिटर्न."

तिला इथली भाषा फाडफाड बोलता यायची, पण लिपी वाचता येत नव्हती. बसचे आकडे, वाण्याकडच्या किमती, इतकंच. कागदाची तर तिला भीतीच बसलेली. रिटर्न दरवर्षी नवरा भरायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जीभ दातांत धरून. शेवटचं पान तेवढं तिच्यापुढे ठेवायचा, "इथे" म्हणून बोट दाखवायचा, आणि ती आपल्या लिपीत सही करायची. पहिलं पान तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

पण एक शब्द तिला ओळखता यायचा. धुलाईघरात तिच्या एप्रनच्या खिशावर नावाची पट्टी शिवलेली होती, आणि तो एप्रन रोज संध्याकाळी ती स्वतःच इस्त्री करायची. पट्टीवरची ती आठ अक्षरं, दुसऱ्याला लागलेला छोटा बाक, शेवटचं गोल अक्षर, सगळं तिच्या हाताला पाठ होतं.

तीच आठ अक्षरं पडद्यावर होती. सगळ्यात वर. पहिल्या रकान्यात. आणि खालच्या रकान्यात दुकानाच्या पाटीवरचं नाव, तिच्या नवऱ्याचं.

"हे..." ती म्हणाली. "हे तर माझं नाव आहे."

"तुमचंच. मुख्य करदाता म्हणून." बाईंनी बटण दाबलं. त्याच्या आधीचं वर्ष आलं. तिचं नाव वर. आणखी आधीचं. तिचं नाव वर.

माणसानं कधी डोंगर चढताना मागे वळून बघावं आणि आपण केवढं चढून आलो ते एकदम दिसावं, तसं तिला झालं. बाई बटण दाबत गेल्या आणि वर्षं उलटी येत राहिली. धाकटा तापानं फणफणला होता ते वर्ष. दुकान सात महिने बंद होतं आणि तो चिडून चिडून बोलायचा ते वर्ष. ती स्वतः महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती ते वर्ष. धाकटा झाला ते. थोरली झाली ते. आणि अगदी पहिलं, जेव्हा ती एक बॅग घेऊन आली होती आणि तिला इथल्या भाषेत "पाणी" सुद्धा मागता येत नव्हतं. अठरा पानं. एकाही पानावर ती खाली नव्हती.

केंद्रात पंखे फिरत होते, टोकनचं यंत्र टिंग करत होतं, कोणाचं तरी मूल रडत होतं. तिला त्यातलं काही ऐकू येईना. देवळात गाभाऱ्याशी उभं राहिलं की मागची गर्दी कशी आपोआप दूर जाते, तसं झालं होतं.

"असं का हो लिहिलंत?" बाईंचा आवाज एकदम उतरला होता. "खाली बारीक अक्षरात सूचना आहे, जो जास्त कमावता तो वर."

किल्लीवाला पिशवीच्या कानांशी चाळा करत राहिला. "सूचना नंतर वाचली. आधी रकाने दिसले. दोन होते, एक वर, एक खाली." तो थांबला. "ही आली तेव्हा इथे हिच्या नावाचं काहीच नव्हतं, बाई. खोली माझ्या नावावर, दुकान वडिलांच्या, लाइटबिल घरमालकाच्या. दारावर पाटी लावावी, तर घरमालक नको म्हणाला. आईबाप, भाषा, सगळं टाकून आलेली ही. आणि दोघांचं नाव मागणारा हा एकच कागद माझ्या हाती आला. मग हिचं खाली कसं लिहू?"

"आणि मग दरवर्षी?"

"एकदा वर बसवलेल्या माणसाला खाली ये म्हणतात होय?"

"मला का नाही सांगितलं कधी?" तिनं विचारलं.

"त्यात काय सांगायचं?" तो खरोखरच गोंधळून म्हणाला. "लिहिलं होतं की."

बाईंनी चष्मा काढला. पुसायचा होता म्हणावं, तर पुसला नाही; नुसता हातात धरला. "एकतीस वर्षं या खिडकीत बसतेय मी. बायकोच्या नावावर लपवलेलं पाहिलंय, बायकोपासून लपवलेलं पाहिलंय. पण हे..." त्यांनी खणातून तीन कोरे अर्ज काढले. "हे दुरुस्तीचे. सवलतीच्या तिन्ही वर्षांचे. नावांची अदलाबदल करायची, दोघांनी सह्या करायच्या. रिटर्न जोडीचंच राहतं, त्यामुळे वीस वर्षांच्या मोजणीला धक्का लागत नाही. तिन्ही वर्षांची सवलत तीन आठवड्यांत जमा होईल. महिनाअखेरीपर्यंत नाही झाली, तर मंजुरीचा कागद देते. शिक्षणसंस्था तो ग्राह्य धरतात. यंदाचं रिटर्न याच क्रमानं भरा."

"म्हणजे पोरीचा हप्ता..."

"भरला म्हणून समजा."

तिनं "देवा!" म्हटलं, आणि खिडकीची कड धरली. किल्लीवाल्यानं पेन घेतलं. पेन कागदावर टेकवलं, आणि तिथेच त्याचा हात थांबला. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं.

"अहो, शाई वाळेल," बाई म्हणाल्या.

"खाली घ्यायचं हिचं नाव," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "हात होत नाही."

तेव्हा तिनं त्याच्या बोटांतून पेन सोडवून घेतलं. या देशाच्या लिपीत तिनं आजवर रेघ ओढली नव्हती. खालच्या रकान्यावर ती वाकली आणि सावकाश, कडा न दुमडता चादर घडी करावी तशी, एकेक अक्षर मांडत गेली. दुसऱ्या अक्षराचा बाक जरा मोठा झाला. शेवटचं गोल अक्षर रेघेबाहेर सांडलं. पण आठही आली. बाईंनी मान वाकडी करून वाचलं आणि हळूच म्हटलं, "बरोबर."

"आता वर तुमचं तुम्ही लिहा," तिनं पेन नवऱ्यापुढे केलं. "लाजू नका. अठरा वर्षं मी बसले वर, आता जरा तुम्ही बसून बघा."

मागचं बाक पुन्हा हसलं. किल्लीवालाही हसला, आणि हसता हसता त्यानं बाहीनं नाक पुसलं. मग त्यानं लिहिलं. दुसऱ्या अर्जावर दोघांनी लिहिलं, तिसऱ्यावर लिहिलं, आणि बाईंनी तिन्हींवर दणादण शिक्के मारले.

"आणि आधीचे पंधरा?" तिनं घाबरत विचारलं. "तेही बदलावे लागतील?"

"त्यांची मुदत कधीच संपली. आता ते कोणालाच बदलता यायचे नाहीत. मंत्री आले तरी नाही. कागद सरकारदप्तरी जमा आहेत. तुमचं नाव वर, यांचं खाली. आता असंच राहणार."

तिनं हात जोडले. कोणाला जोडले, ते तिचं तिलाही कळलं नाही. समोर बाई होत्या, पडदा होता, आणि शेजारी एक माणूस सगळे कागद उलटसुलट पिशवीत कोंबत होता.

यंत्रानं चौसष्ट नंबर दाखवला. किल्लीवाला वळला, "चल" म्हणाला. ती खिडकीशीच उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "ते अगदी पहिल्या वर्षाचं होतं ना, ते जरा परत दाखवता?"

चौसष्ट नंबरवाला टोकन हातात धरून खिडकीशी आला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "थांब रे दोन मिनिटं," त्या म्हणाल्या, आणि मागे मागे, एकेक वर्ष करत, बटण दाबत गेल्या.