आजोबांसाठी चांगलं घर

आजोबा म्हणजे ताईचा घोडा. तिच्या घोडेस्वारीच्या शाळेतला सगळ्यात म्हातारा, म्हणून सगळे आजोबाच म्हणायचे. दोन्ही डोळे गेलेले. तरी तबेल्यात असा रुबाबात फिरायचा, की नवख्याला पत्ता लागू नये. टाकी कुठे, दार कुठे, सगळं पाठ. पण गुडघ्यांनी दगा दिला, उठताबसता कण्हायला लागला, तेव्हा ताईनं मन घट्ट केलं. डॉक्टरांना बोलवायचं आणि इथेच, त्याच्या जागेवर, कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायचं.

तिच्या धाकट्या बहिणीनं आकाशपाताळ एक केलं. "जन्मभर तुझं घर चालवलं त्यानं, आता जड झाला होय? अगं, कसाई परवडला! मी शोधते त्याला चांगलं घर."

"त्याला दुसरी जागा उमगायची नाही गं."

"उमगेल! म्हातारी माणसं मारतो का आपण?"

झालं! भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, सख्ख्या बहिणीला कसाई! पाहुण्यांनीही माना डोलावल्या. त्यांचं काय जात होतं? ताईचा धीरच सुटला. "ने," म्हणाली आणि आत निघून गेली.

धाकटीनं घर शोधलं तेही चांगलंच, उगाच खोटं का बोला? माणसं मायाळू, मोकळं कुरण, भरपूर चारा. पण आंधळ्याला मोकळ्या कुरणाचं काय कौतुक? तो कुंपणाला धडकायचा, कुणी हात लावला की थरथरायचा. मग एका कोपऱ्यात उभा राहिला तो राहिलाच. धाकटी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "रुळेल हळूहळू." आणि एका सकाळी बिचारा चरात पडला. पाय मोडला.

धाकटीनं आधी डॉक्टरांना फोन केला, मग ताईला. "ताई, चुकलं गं माझं," एवढंच तिला बोलता आलं.

ताई धावतच आली. लांबूनच तिनं हाक मारली, "आजोबा!"

त्याचे कान ताठ झाले. मान वर करून, त्या मोडक्या पायावर जोर देऊन, तो उठायला गेला आणि किंचाळून कोसळला.

"बोलू नका!" डॉक्टर ओरडले. "तुमच्या आवाजानं उठतोय तो."

ताईनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि होती तिथेच उभी राहिली. आजोबांचं डोकं धाकटीनं मांडीवर घेतलं. तिच्या हातांखाली तो थरथरत होता. कान मात्र इकडेतिकडे फिरत होते, ताईला शोधत होते. धाकटीला ते बघवेना, पण डोकं सोडून जाणार कुठे?

सुई गेली. कान फिरायचे थांबले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि हळूच म्हणाले, "आता बोललात तरी चालेल."

"ताई, हाक मार ना गं त्याला," धाकटी हुंदके देत म्हणाली. "एकदा तरी मार."

ताईनं तोंडातली ओढणी काढली.

"आता कशाला?" ती म्हणाली.