न गिळलेला घास

बेसिन पाहिले आणि मुलीच्या हातातला टूथब्रश खाली पडला. पांढऱ्या भांड्यात गडद लाल पसरले होते. कडेला जांभळट झाक, मध्ये फिकट गुठळ्या आणि एक ओघळ जाळीपर्यंत गेलेला. मागच्या खोलीत वडील पलंगाच्या काठावर बसले होते. एक हात भिंतीला टेकलेला, चेहरा उतरलेला, मांड्या थरथरत होत्या.

"बाबा, हे काय आहे?"

वडिलांनी तिच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

मुलगी औषधांच्या दुकानात काम करत होती. वडिलांची रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज तीच काढून देई. ती गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटात रक्तस्राव झाला तर तो लवकर थांबत नाही, हे ती गिऱ्हाइकांना दिवसभर समजावून सांगत असे. त्यामुळे तिला कोणी काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. तिने बेसिनचा फोटो काढला, रुग्णवाहिका बोलावली आणि नवऱ्याला हाक मारली. जावई अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आला.

"बाबा, दुखतंय कुठं? पोटात? छातीत?"

"कुठंच नाही, जावईबापू. उगाच गोंधळ घालू नका."

"बेसिनभर रक्त पडलंय आणि गोंधळ घालू नका म्हणे!"

वडील पुन्हा गप्प झाले. पुढे मुलीला सगळ्यात जास्त राग आला तो या गप्प बसण्याचा.

वडील मुलीच्या तळमजल्यावरच्या घरी राहायला आले ते न्हाणीघरात पडल्यानंतर. उजव्या मांडीचा स्नायू फाटला होता. हाड वाचले, पण अंथरुणावर पडून राहिल्यामुळे दोन्ही पाय काठीसारखे झाले. त्यांचे स्वतःचे घर दुसऱ्या मजल्यावर होते आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. घर बंद होते. मुलीने एका संध्याकाळी स्पष्टच सांगितले होते, "पायांच्या तपासणीच्या दिवशी स्वतः चालत तुमच्या दारापर्यंत चढलात, तर मी स्वतः सामान पोचवीन. नाही चढलात, तर घर भाड्यानं देऊ आणि तुम्ही इथंच राहायचं. नंतर कुरकुर नको."

"कबूल," वडील म्हणाले होते. एवढ्या लवकर ते आयुष्यात कशाला कबूल झाले नव्हते.

व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट येई. खुर्चीतून हात न टेकता उठणे, टाचा उचलणे, उंबऱ्यावर चढणे-उतरणे असे सगळे ती करून घेई. न्याहारीची वाटीही तिचीच सूचना. व्यायाम झाला की घट्ट दही, त्यात बदामाची पूड आणि मूठभर बेरी.

"वय झालं की स्नायू भरून यायला वेळ लागतो, काका. दही-बदाम म्हणजे विटा समजा. आणि बेरीतल्या रंगामुळं सूज उतरायला, दुरुस्तीला हातभार लागत असावा, असं काही अभ्यासांत दिसलंय. अभ्यास लहान आहेत, म्हणून 'असावा' म्हणतेय. जादू नाहीये."

"फळांच्या रंगाचं मला सांगू नका," वडील हसून म्हणाले होते. "आयुष्य त्यात गेलंय."

ते खरे होते. ते मुरंब्या-जॅमच्या कारखान्यात चव तपासनीस होते. कारखान्यात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे 'जीभसाहेब' म्हणत. त्यांनी मान डोलावल्याशिवाय एकही कढई बाटलीत उतरत नसे. मालकाने चाखून शाबासकी दिलेला माल त्यांनी परत पाठवल्याचे किस्से जावई चार पाहुण्यांत रंगवून सांगे.

त्यामुळे मुलगी रोज सकाळी दारापलीकडून त्यांचे बोलणे ऐकून सुखावत असे. "आज तुती उतरलीय जरा," ते आतून सांगत. "रासबेरी चांगली. ब्लूबेरीला पाणी जास्त सुटलंय, दुकानदाराला बोल." थोड्या वेळाने नळाचा आवाज येई आणि वाटी रिकामी होऊन बाहेर येई. एवढ्या आवडीने खाणारा रुग्ण मिळायला नशीब लागते, असे ती नवऱ्याला म्हणाली होती.

रुग्णालयात वडिलांना आडवे केले, सुई टोचली, रक्तदाब घेतला. तो ठीक होता. नाडीही ठीक. पोटाच्या डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला.

"काही खाल्लं होतं?"

"वाटीभर बेरी आणि दही," मुलगी म्हणाली. "थोड्या वेळापूर्वीच."

"मग हा बेरीचा रंग असू शकतो. आजोबा, उलटी झाली का?"

वडिलांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते कोणालाच कळले नाही.

"म्हणजे झाली?"

"आठवत नाही."

"आत्ता झालेली उलटी आठवत नाही?" डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. रक्त पातळ ठेवणारी गोळी, गोंधळलेला रुग्ण आणि असा फोटो. त्यांनी धोका पत्करला नाही. घशात बधिर करणारा फवारा मारून दुर्बीण घालायचे ठरले. मुलीने सही केली. सही करताना अक्षर एवढे वाकडे आले, की परिचारिकेने पुन्हा नाव विचारले.

नळी तोंडाशी आली तेव्हाही वडील बोलले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडले.

काही वेळाने डॉक्टर बाहेर आले. हातमोजे काढताना ते मुलीकडे जरा विचित्र नजरेने पाहत होते.

"रक्त नाही. जखम नाही, व्रण नाही. पोट धुतलेल्या पातेल्यासारखं स्वच्छ आहे."

मुलगी भिंतीला टेकली. जावयाने खुर्ची पुढे ओढली.

"पण तुम्ही म्हणालात वाटीभर बेरी खाल्ल्या. त्या कुठं आहेत?"

"उलटीतून पडल्या असतील ना."

"पडल्या तरी पोटाच्या भिंतीला रंग राहतो, बिया राहतात, दही चिकटून राहतं. इथं एक ठिपका नाही. बाई, या पोटात बेरी गेलेलीच नाही."

मुलगी आत गेली. वडील कुशीवर पडले होते. घसा अजून बधिर होता, त्यामुळे शब्द जड येत होते.

"बाबा, बेरी कुठं गेल्या?"

"बेसिनमध्ये."

"थुंकलात?"

वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"आजच?"

मुलीला एकदम नळाचा तो रोजचा आवाज आठवला.

"रोज?"

"रोज," वडील म्हणाले. "आज नळापर्यंत हात पोचला नाही. पायच गेले. कसाबसा पलंगापर्यंत आलो."

रागावण्यासाठी लागणारा श्वासही मुलीकडे नव्हता. शेवटी जावई म्हणाला, "अहो, घशात नळी घालू दिलीत, पण तोंड उघडलं नाहीत!"

"उघडलं की. नळीसाठी."

पलीकडची परिचारिका हसली आणि पटकन वळली. मुलगी हसली नाही.

"का, बाबा? आवडत नव्हतं तर सांगायचं."

वडिलांनी छताकडे पाहत सांगितले. आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. कारखान्यात पहिला धडा गिळायचे नाही हा होता. चव घेणारा गिळू लागला, की दुपारपर्यंत त्याची जीभ साखरेने आंधळी होते. घास जिभेवर फिरवायचा, नाकाने श्वास सोडायचा (फळाची खरी चव नाकातच कळते), निकाल सांगायचा आणि थुंकायचे. शिकवणाऱ्याने सुरुवातीला त्यांचा गळा दोन बोटांनी धरून ठेवला होता, गिळले तर कळावे म्हणून. पुढे बोटांची गरज राहिली नाही. फळाची चव जिभेवर आली, की गळा आपोआप बंद होऊ लागला. जेवण उतरे, चहा उतरे. फळ उतरत नसे.

"सुरुवातीला वाटलं, जमेल. रोज वाटायचं, उद्या गिळीन. एकदा जोर केला तर ठसका लागला. मग तुला काय सांगू? जीभसाहेबाला फळ गिळता येत नाही, असं सांगू?"

"हो! असंच सांगायचं!"

"आणि तू म्हणाली असतीस, मग चढणं विसरा, घर भाड्यानं देऊ."

मुलगी खरोखर तेच म्हणाली असती.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आली. तिला सगळे सांगितले तेव्हा ती उभी होती ती खाली बसली.

"म्हणजे दहीपण?"

"दहीपण," मुलगी म्हणाली. "बदामपण."

"मी मांडीला मोजायची टेप लावत होते आणि मनात म्हणत होते, माझंच काहीतरी चुकतंय. व्यायाम इतका मनापासून करणारा माणूस आणि मांडी भरेना. काका, बेरीनं काय झालं असतं, कोण जाणे, ती सोडा. व्यायाम करून तुम्ही स्नायूला रोज काम दिलंत आणि त्यानंतर रोज उपाशी ठेवलंत. असा व्यायाम म्हणजे भिंत खरवडायची आणि गिलावा नाही करायचा."

वडील दचकून तिच्याकडे पाहू लागले. हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते. त्यांच्या हिशेबी ते फक्त औषधासारखी काहीतरी वरची गोष्ट चुकवत होते. घराकडे परत जायचा रस्ता आपणच रोज सकाळी नळाखाली धरत होतो, हे त्यांना आता कळले. त्यांनी आपल्या मांडीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

"तपासणी पुढं ढकला," ते म्हणाले.

"नाही," मुलगी म्हणाली. "ठरलंय ते ठरलंय. भाड्यानं घ्यायला एक जण तयारही आहे."

फिजिओथेरपिस्टने तपासणी वडिलांच्या इमारतीतच ठेवली. पिशवीत तिने बाटली आणली होती. बेरी, दही, बदाम सगळे पातळ घुसळलेले. आधी दाखवली नाही. जिन्याखाली ती म्हणाली, "कठड्याला हात लावला तर चालेल. थांबलात तरी चालेल. पण कोणी उचलणार नाही."

वडील चढू लागले. उजवा पाय वर, मग डावा त्याच पायरीवर. जावई खाली थांबला. मुलगी एक पायरी मागे होती आणि तिचे दोन्ही हात हवेत धरल्यासारखे पुढे होते. पहिल्या वळणावर वडिलांचा श्वास चढला. ते थांबले नाहीत. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत तोंड उघडे पडले होते, घाम हनुवटीवरून गळत होता आणि गुडघे एकमेकांवर आपटत होते. तिथे शेजाऱ्यांनी चपला काढायला ठेवलेल्या बाकावर ते बसले. त्यांनी वर पाहिले. स्वतःच्या दाराची फक्त खालची पट्टी दिसत होती.

"झालं," ते म्हणाले. "याच्यावर नाही."

फिजिओथेरपिस्टने बाटली त्यांच्या हातात दिली. "प्या आधी."

त्यांनी बाटली तोंडाला लावली. दम लागलेला माणूस पाणी पितो तसे घटाघट प्यायले, मध्ये तोंडाने धापा टाकत, पुन्हा पीत. मुलगी त्यांच्या गळ्याकडे पाहत होती. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली. तिने फिजिओथेरपिस्टचा दंड घट्ट पकडला. बाटली रिकामी झाली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "कसं होतं?"

वडिलांनी जीभ दातांवरून फिरवली. ओठ चाटले. तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायचा प्रयत्न केला, पण धाप पुरती उतरली नव्हती. त्यांनी रिकाम्या बाटलीत डोकावून पाहिले. खिसा कापला गेल्याचे भर बाजारात लक्षात यावे तसा चेहरा झाला होता.

"काय होतं यात?" त्यांनी विचारले. "मला कळलंच नाही."

"तोंडानं धापा टाकताना फळाची चव नाकापर्यंत पोचत नाही, मग गळाही बंद होत नाही," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "तुमच्याच गोष्टीवरून सुचलं मला."

"तुती होती का?"

"होती."

"आणि ती गेली?"

"गेली."

वडील बाकावर बसून राहिले. पोटावर हात ठेवून, आत खरोखर काही आहे का ते तपासल्यासारखे. खालून जावयाने आवाज दिला, "काय झालं वर? भाडेकरूला काय सांगू? तो फोन करतोय."

मुलीने वर बघितले, मग वडिलांकडे. ठरल्याप्रमाणे ते हरले होते आणि ते तिलाही माहीत होते आणि त्यांनाही. वडिलांनी तिच्याकडे काहीही मागितले नाही.

"त्याला सांग, घर रिकामं नाही," ती म्हणाली.

वडिलांनी झटकन मान वळवली.

"उद्या पुन्हा यायचं," मुलगी म्हणाली. "इथपर्यंत चढायचं, इथं प्यायचं. वर कधी जायचं ते तुमचे पाय ठरवतील. आणि थुंकलात तर मी स्वतः भाडेकरूला किल्ली देईन."

"चला, उठा," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "उतरताना मांडीला जास्त काम पडतं. घाई नको."

वडिलांनी कठडा धरला. उठताना दुसरा हात त्यांनी बाकावर टेकला नाही. ते उभे राहिल्यावर हे फिजिओथेरपिस्टच्या लक्षात आले, मग मुलीच्या. त्यांना स्वतःला ते कळलेही नव्हते. ते खालच्या पायरीकडे बघत पाय टाकण्याची जागा शोधत होते.