मनुबाईनं धरलेला हात

सुचिताताईच्या लग्नाचा चुडा भरायला मनुबाई कासारीण आली, ती जणू सगळी दुपार टोपलीत घालूनच. ओटीवर तिनं हिरव्या काचेच्या बांगड्या मांडल्या, उन्हानं त्यांच्यातून वाट काढली आणि भिंत हिरवी झाली, खांब हिरवे झाले, बायकांचे चेहरेसुद्धा खाडीच्या पाण्याखालून बघावेत तसे हलायला लागले. मांडवापलीकडे मिठागरं चमकत होती. कुणीतरी आभाळाचे चौकोन करून वाळत घातले असावेत, तशी.

नेत्रा खांबाआड बसली होती. नवरीची चुलतबहीण, म्हणजे करवली. वय पंधरा, आणि एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस!

"काय गो, थंडी वाजते का?" काकी हसली.

"फॅशन हाय ती," काकीबरोबर हळद वाटायला आत निघालेली आई म्हणाली. "बाईसाहेब उन्हात काळ्या पडतात ना!"

सगळ्या हसल्या. नेत्राही हसली. हसणं तिला छान जमायचं.

बाहीखाली काय होतं ते तिलाच ठाऊक. वर्गाच्या ग्रुपवर तिला चिडवायला तिच्या फोटोचं स्टिकर फिरलं, तिथून सुरुवात. मग चाचणीत गणित गेलं. बाबा ट्रेलर घेऊन गुजरातला, आई लग्नघरात. आत भरती चढायची, पाणी बांधावरून यायला लागायचं, आणि नेत्रा स्वतःलाच इजा करून घ्यायची. मरायचं नव्हतं तिला, शप्पथ! फक्त आतला आवाज थांबवायचा होता. तो थांबायचा घटकाभर. मग लाज यायची, आणि लाजेचा हात धरून तोच आवाज, दुप्पट मोठा. सांगायचं कुणाला? आई रडेल, लोक म्हणतील लग्नात विघ्न आणलं. म्हणून उत्तर तयार होतं: बांगडी पिचली, काच लागली. या गावात कुणाच्या मनगटाला काच लागत नाही?

"करवली, ये गो बाय."

मनुबाईनं डावा हात धरला, बाही सरकवली. तिची बोटं थांबली. ओटीवरचा गलका एकदम लांब गेला, शिंपल्यातल्या समुद्रासारखा.

"बांगडी पिचली," नेत्रा पुटपुटली.

मनुबाईनं बाही हळूच पुन्हा खाली ओढली. हात मात्र सोडला नाही.

"चाळीस वर्सं हात धरते मी," ती फक्त नेत्राला ऐकू जाईल एवढंच बोलली. "काचेचा ओरखडा वळखते. ह्यो त्यातला न्हाय."

"सांगू नको ना कुणाला."

"मी कशाला सांगू? तू सांगशील. माझ्या लेकीचं, रंगूचं बी असंच होतं. मी म्हणायची, नाटकं करते. दोन वर्सं म्हणत होते, येडी मी."

"मग?"

"मग एकदा नुसतं इचारलं, काय दुखतं गो? लई दिस गेलं त्यात. डॉक्टरीण, बोलणं, रडणं. आता पनवेलला नर्स हाय."

"मनुबाय, झालं का?" आतून काकी ओरडली.

"करवलीचं माप मिळंना! हिच्या आईला पाठव."

नेत्रानं हात ओढून बघितला. मनुबाई जागची हलली नाही. "हात भरल्याबिगर सोडत न्हाय आमी. रीत हाय."

आई आली, वाटलेल्या हळदीनं कोपरापर्यंत पिवळी. नेत्राला वाटलं, आपण खोल हिरव्या पाण्यात आहोत आणि वर जायला एकच श्वास उरलाय. तिनं स्वतःच बाही वर केली.

आईच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "बांगडी पिचली का गो?"

किती सोपं होतं! आईनंच उत्तर हातात दिलं होतं. फक्त 'व्हय' म्हणायचं.

"न्हाय, आई. मीच."

आई तिच्या पुढ्यात बसली. "आमचं काय चुकलं गो? काय कमी केलं तुला?"

"तसं नको इचारू," मनुबाई म्हणाली.

मग आईनं पिवळ्या हातांनी नेत्राचा चेहरा धरला. हळद लागली, नवरीच्याही आधी.

"काय दुखतं?" आईनं विचारलं. आवाज फाटलेला होता, पण विचारलं.

नेत्रानं सांगितलं. स्टिकरपासून. सगळं नाही, अर्धंच. मनुबाईनं तेवढ्यात तिच्या उजव्या हातात बांगड्या चढवल्या. डावा हात आईच्या हातात देऊन मगच सोडला.

हळद पुसायलाही न थांबता आईनं फोन लावला.

"अवो, ट्रेलर बाजूला घ्या. बोलायचंय. नेत्राचं. न्हाय वो, मार्कांचं न्हाय. उद्या डॉक्टरणीकडं जायचंय आमाला. हळद? हळद थांबंल की."