रस्त्याकडची भिंत

ड्रिल विटेत अडखळलं, मग एकदम सुटलं. घर तापवणारा नवा बॉयलर बसवायला आलेल्या मॉरीनने भिंतीतला गोल तुकडा ओढून काढला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर ताटलीएवढा उजेड पडला. लॉर्ना त्या उजेडातून बाजूला झाली.

"इथून धूर निघणार?"

"धूर नाही गं, वाफ. जुना बॉयलर निम्मी ऊब बाहेर फेकायचा. हा ती घरात ठेवून घेतो. बाहेर जाते ती नुसती पांढरी वाफ."

"दिसते ती?"

"थंडीत? ढगासारखी."

लॉर्नाने पडद्याच्या फटीला लावलेला कपड्यांचा चिमटा पुन्हा दाबून पाहिला. "मग मागच्या बाजूने काढा."

"मागे दुसऱ्याचं स्वयंपाकघर आहे, पोरी. लीड्समधली ही घरं पाठीला पाठ लावून बांधलीत. बाहेरची भिंत एकच, रस्त्याकडची."

टेबलाखाली कोट घालून बसलेली सहा वर्षांची रोमी खोकली.

"तिचा बाप गाडी घेऊन हिंडतोय," लॉर्ना हळू आवाजात म्हणाली. "एकेक गल्ली बघणार, असं माझ्या बहिणीला सांगितलंय त्याने. म्हणून दिवा लावत नाही मी. बंद घर दिसलं की माणूस पुढे जातो."

मॉरीनने दाराकडे पाहिलं. दोन कड्या, साखळी, शिवाय दाराला टेकवलेली खुर्ची. सकाळी आत यायला तिला पाच मिनिटं लागली होती.

"पोलिसांना कळवलंयस?"

"दोनदा."

मॉरीन कामाला लागली. धुराड्याची नळी बसवली, बॉयलरमधून ठिबकणाऱ्या पाण्याचा पाइप सिंकच्या नळीला जोडला. खोली तापवणाऱ्या जुन्या रेडिएटरमधून शाईसारखं काळं पाणी निघालं.

"सहा आठवडे फोन केल्यावर घरमालकाला दया आली," लॉर्ना म्हणाली.

"दया कसली! दंडाची भीती."

लॉर्ना हसायला गेली, तेवढ्यात बाहेर गाडीचं दार आपटलं. ती भिंतीला हात लावून उभी राहिली. शेजाऱ्याचा आवाज ओळखू आल्यावरच तिने भिंतीवरचा हात काढला.

हिवाळ्याचे दिवस, चारलाच अंधारून आलं. मॉरीनने पाणी भरलं, रेडिएटरमधली हवा काढली, गॅसची गळती तपासली.

"बटण तू दाब."

"नको. राहू दे. हीटर आहे माझा."

"बरं. तिला घे आणि चल माझ्याबरोबर. समोरच्या फुटपाथपर्यंतच."

रोमीची टोपी कपाळावर ओढून, तिला कडेवर घेऊन लॉर्ना रस्ता ओलांडून गेली. वळून पाहिलं तर समोर स्वतःच्याच घराची लांब रांग होती. प्रत्येक भिंतीतून पांढरी वाफ निघत होती. वाफेच्या रांगेत एकाच ठिकाणी खंड होता.

"सकाळी मला नंबर वाचावा लागला नाही," मॉरीन म्हणाली. "कोपऱ्यावरूनच कळलं, गार घर ते हेच."

लॉर्ना रस्ता ओलांडून परत गेली. आत जाऊन तिने बटण दाबलं, आणि ती रोमीला घेऊन पुन्हा समोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने रांगेतला खंड पांढऱ्या वाफेने भरून गेला.

कोपऱ्यावरून एक गाडी वळली. ती फार हळू येत होती. मॉरीन दोघींच्या पुढे उभी राहिली. गाडीचा उजेड एकेका दारावरून सरकत गेला, कुठेच थांबला नाही, आणि खालच्या वळणावर दिसेनासा झाला.

"आई, आपलं घर कुठलं?" रोमीने विचारलं.

लॉर्नाला कोपऱ्यापासून दारं मोजावी लागली.